पीटीच्या तासाला पायरीवर बसणाऱ्या दोघी

किशोरवयीन मैत्रीवर स्लाइड्स दाखवल्या की मागच्या बाकांवर पेपर तपासणं सुरू होतं, हे समुपदेशक म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून त्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर शिक्षकांसाठी पीटर जॅक्सनचा १९९४ चा 'हेवनली क्रिएचर्स' लावला. फक्त शिक्षकांसाठी; मुलांना दाखवायचा तो सिनेमाच नाही. शाळा नाशिकला गंगापूर रोडवरची. संगणक कक्षाला पडदे नाहीत, तेव्हा मामांनी खिडक्यांना काळे कार्डशीट चिकटवले होते.

गोष्ट खरी घडलेली आहे, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची. पॉलीन आणि ज्युलिएट, एकाच शाळेतल्या दोघी. पॉलीनला हाडाच्या दुखण्याने पायाचा त्रास, ज्युलिएटची छाती अधू. दोघींना पीटीतून सुटका, आणि तिथंच त्यांचं जमतं. मग त्या एक अख्खं काल्पनिक राज्य रचतात, त्याचे राजे-राण्या मातीतून घडवतात. हळूहळू त्या राज्याबाहेरची माणसं नकोशी होत जातात. ज्युलिएटला दक्षिण आफ्रिकेला पाठवायचं ठरतं, पॉलीनची आई लेकीला तिच्याबरोबर जाऊ द्यायला तयार नसते, आणि २२ जून १९५४ रोजी दोघी मिळून त्या आईला विटेच्या तुकड्याने ठार मारतात. एक सोळा वर्षांची, दुसरी पंधरा. वयामुळे फाशी टळली, पाचेक वर्षांनी सुटल्या. ज्युलिएट पुढे अ‍ॅन पेरी या नावाने रहस्यकथा लिहू लागली!

शेवट काय होणार हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. रक्ताने माखलेल्या मुली किंचाळत धावत येतात. तरी पुढचा बराच वेळ आपण त्यांच्याच बाजूने असतो, आणि हेच भयंकर आहे. केट विन्स्लेट आणि मेलनी लिन्स्की, दोघींचा हा पहिलाच सिनेमा. पॉलीन झालेली लिन्स्की मान खाली घालून भुवयांखालून बघते ना, ते माझ्या तरी अंगावर येतं.

दिवे लागले, चहा आला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "वेळीच तोडायला हवं होतं." सगळ्यांच्या माना हलल्या. मोठ्या बाईंनी तर उपायही सांगितला, तुकडी बदलायची. मी म्हटलं, सिनेमातले मोठे लोक दुसरं काय करतात? डॉक्टरला त्या मैत्रीत समलैंगिकतेचा 'रोग' दिसतो, ज्युलिएटचे वडील घाबरून पॉलीनच्या घरी तक्रार घेऊन जातात, सगळे मिळून अंतर पाडायला धावतात. पॉलीन रोज डायरीत काय लिहितेय याचा पत्ता कुणालाच नसतो. ती डायरी उघडते थेट खुनानंतर, पोलिसांच्या हातात.

पीटीचे सर एरवी अशा सत्रांत तोंड उघडत नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, माझ्या तासालाही दोघी पायरीवर बसतात. कधी पोटदुखीची चिठ्ठी, कधी पायाची. मांडीवर एक वही असते. मी जवळ गेलो की बंद." कोणत्या वर्गातल्या, विचारल्यावर सगळ्या खोलीत एकच शांतता. गुणी मुली, कुणाच्या डोळ्यांवर येणाऱ्या नाहीत. मोठ्या बाई लगेच, "वही मागवून घ्या."

मी नाही म्हटलं. हजारो मुली अशा जोडीने वाढतात आणि त्यातून काही विपरीत होत नाही. सिनेमा बघून लगेच खुनी शोधत बसणं हा शुद्ध वेडेपणा. पण दोघींना दोघींचंच जग पुरतंय का, एकमेकींशिवाय घरी-दारी कुणी आहे का, एक हुकूम सोडते आणि दुसरी फक्त झेलते असं होतंय का, हे विचारायला वही लागत नाही.

सोमवारी दोघींना भेटले, आधी एकत्र, मग वेगवेगळं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वही त्यांनी आपणहून दाखवली. खाकी कव्हर, आत एका शहराचा नकाशा. त्यात गोदावरी उलटी, त्र्यंबककडे वाहत होती. मारामाऱ्या, विषप्रयोग, सगळं होतं, नववीच्या कल्पनेत असतं तेवढंच. कान टवकारले ते वेगळ्याच वाक्याने. एकटी असताना त्यातली धाकटी म्हणाली, "पप्पांची बदली अकोल्याला झालीय. तिला अजून सांगितलं नाही." शाळेतही कुणाला माहीत नव्हतं.

पीटीच्या सरांनी त्याच आठवड्यात दोघींना खो-खोच्या सामन्यांचे गुण लिहायला बसवलं, सोबत घोटा मुरगळलेली तिसरी मुलगी. तुकडी तीच राहिली. बदलीची गोष्ट धाकटीने स्वतःच मैत्रिणीला सांगायची ठरवली, माझ्या खोलीत, आणि मग मी दोघींच्या आयांना एकत्रच बोलावलं. सुट्ट्यांत एकमेकींकडे राहायला जायचं कसं, यावरच त्यांचं अर्धा तास चाललं होतं.