पुण्याहून पणजीला बदली मिळाली कशी?

हा प्रश्न मला गोव्यातल्या माझ्या डिचोलीत वर्षभर विचारला जातो, आणि चवथीच्या दिवसांत पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले घरी आली की त्यांच्यापेक्षा त्यांचे आईवडीलच तो अधिक विचारतात. "कोणाची ओळख होती का?" हे त्याचे शेपूट ठरलेलेच. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते. ओळख नव्हती, पणजीच्या कार्यालयात एक जागा रिकामी होणार होती आणि ते काम मी करू शकेन, असे तिथल्या प्रमुखांना पटले होते. हे उत्तर ऐकणाऱ्याला अपुरे वाटते, कारण घरची अडचण मोठी असली की बदली मिळायलाच हवी, असे आपण धरून चालतो.

तसा हक्क सरकारी नोकरीतही नाही. नम्रता वर्मा या उत्तर प्रदेशातील अध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की अमुक ठिकाणीच बदली करा किंवा करू नका, असा आग्रह कर्मचाऱ्याला धरता येत नाही. गरज पाहून ते मालकाने ठरवायचे असते. खासगी कंपनीच्या नेमणूकपत्रात तर 'देशात कुठेही बदली होऊ शकते' हे वाक्य असते, पण ते कंपनीच्या सोयीचे असते, आपल्या नव्हे.

गोवा मागणाऱ्याची आणखी एक पंचाईत आहे. नागपूर किंवा नाशिक मागितले तर कोणी हसत नाही, पण अर्जात गोवा दिसला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बागा-कळंगुटचा किनारा उभा राहतो आणि आपण नोकरी सांभाळून सुट्टी मागत आहोत, अशी शंका त्याच्या मनात येते. डिचोली तालुक्याला समुद्र लागतच नाही, आमच्याकडे खाणी आणि मयेचे तळे आहे, हे मी तोंडी पुष्कळांना सांगितले आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कामाच्या हिशेबाचा. आमच्या कंपनीची यंत्रे वेर्णा आणि कुंडई येथील औषध कारखान्यांत बसवलेली आहेत. मोठी तक्रार आली की पुण्याहून माणूस पाठवावा लागे. त्याचा प्रवास, मुक्काम आणि तोवर यंत्र बंद राहिल्यामुळे ग्राहकाने केलेली ओरड, हे सारे कंपनीच्याच कागदांत नोंदलेले होते. अर्जात मी ते मांडले, हातातली कामे कोण कशी पुढे नेईल हे लिहिले आणि वडिलांच्या वयाचा उल्लेख एका वाक्यात संपवला. कारण खरे असेल तर ते लपवू नये, पण संपूर्ण अर्ज त्याच्यावर उभा करू नये, असे माझे मत आहे.

अर्ज देण्याआधी मी माझ्या वरिष्ठांशी बोलले, पणजीला फोन नंतर केला. हा क्रम उलटला आणि आपला माणूस जाऊ पाहतो आहे हे साहेबांना बाहेरून कळले, तर त्यांची संमती मिळणे अवघड होते, आणि त्या संमतीशिवाय मनुष्यबळ विभाग सहसा कागद पुढे सरकवत नाही.

होकार आल्यावर पत्र मात्र बारकाईने वाचावे. गोव्यातील कार्यालय त्याच कंपनीचे आहे की समूहातील वेगळ्या कंपनीचे, हे आधी पाहावे. कंपनी वेगळी असेल तर बदलीच्या नावाखाली राजीनामा आणि नवी नेमणूक होऊ शकते. भविष्य निर्वाह निधी जुन्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, हलवता येतो, पण ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला लागणारी पाच वर्षांची सलग सेवा तुटू नये, यासाठी 'सेवा अखंड धरली जाईल' असे लेखी घ्यावे. आपण मागून घेतलेल्या बदलीत सामान हलवण्याचा खर्च बहुधा मिळत नाही, आणि पगार नव्या ठिकाणाप्रमाणे कमी होऊ शकतो. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत कापला जाणारा व्यवसाय कर गोव्यात नाही!

मुले शाळेत असतील तर रुजू होण्याची तारीख शाळा पाहून मागावी. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, त्यामुळे जूनच्या हिशेबाने आलेले मूल अभ्यासात मागे पडू शकते.

नकार आला तर राजीनाम्याची धमकी देऊ नये. ती खरी मानून राजीनामा स्वीकारणारे साहेब असतात. मलाही पहिल्यांदा 'सध्या जागा नाही' असेच उत्तर मिळाले होते. मी ते ईमेलवर मागून घेतले, आणि पणजीतील एक सहकारी निवृत्त होणार असल्याचे कळताच त्याच ईमेलचा हवाला देऊन पुन्हा अर्ज केला.