शाहिराचा माहितीपट आणि झीलकऱ्यांचा माइक

शाहिरावर माहितीपट करायचा म्हटलं की पहिला कॅमेरा शाहिराच्या तोंडावर लागतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो. आंबेडकरी जलसा (आंबेडकरी चळवळीचा गाण्यांचा कार्यक्रम) घ्या की कम्युनिस्टांचं कलापथक, गाणं एकट्याचं कधीच नव्हतं. शाहीर कडवं टाकतो, झीलकरी म्हणजे मागून साथ गाणारे धृपद उचलतात, ढोलकी-हलगी त्याला पुढे रेटते. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, तेव्हाची अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. मागे उभं राहून झील धरणाऱ्यांची नावं कोण सांगणार?

म्हणून कोणाला किती जागा द्यायची, हे माइक लावतानाच ठरतं. शाहिराला कॉलर माइक, झीलकऱ्यांसमोर चार-पाच फुटांवर स्टँडवर दुसरा, हलगीला बाजूने तिसरा. तिन्ही ट्रॅक वेगळे, रेकॉर्डरवर दर्जा ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंदच ठेवा. ते चालू राहिलं तर हलगीची थाप पडताक्षणी मशीन सगळाच आवाज खाली दाबतं आणि थापेमागून येणारी झील बुडते. एकाच ट्रॅकवर सगळं घेतलं असेल तर ती नंतर एडिटमध्ये वर काढता येत नाही. आणि लेव्हल लावायची ती हलगी शेकून झाल्यावर. थंड कातड्यावर लेव्हल लावली तर कातडं तापून चढलं की रेकॉर्डिंगमधला आवाज फाटतो.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट या दृष्टीने पुन्हा बघावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं गेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाच्या डोक्याला त्या वेळी आंबेडकरी चळवळीच्या रंगाचं, निळं फडकं बांधलेलं होतं. त्यांना नुसतं लाल किंवा नुसतं निळं करून टाकणं सोपं होतं. चित्रपट तसं करत नाही. १४ वर्षं चित्रीकरण चाललं आणि कॅमेरा घोगऱ्यांपाशी न थांबता वस्त्यांमधल्या गायक-गायिकांकडे गेला, पुण्याच्या कबीर कला मंच या सांस्कृतिक गटातल्या शीतल साठेंपर्यंत पोहोचला. एका शाहिराची गोष्ट गाणाऱ्या समाजाची झाली, ती अशी.

बाईला बहुतेक माहितीपटांत फक्त रडायला बोलावतात. मुलाखत संध्याकाळी ठेवली तर तिचा एक डोळा चुलीवर, एक पाण्याच्या नळावर, आणि प्रश्नाचं उत्तर दीर किंवा सासरा देतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, शक्य असेल तर साउंडला बाई ठेवा, आणि पहिला प्रश्न नवऱ्याबद्दल नको, तिच्या गाण्याबद्दल विचारा.

कच्चा एडिट झाला की एक तक्ता करा: नाव, बाई की पुरुष, वस्ती, बोलण्याचे सेकंद, गाण्याचे सेकंद. आकडे बघून धक्का बसतो. अभ्यासकांची मिनिटं भराभर वाढलेली असतात आणि त्यांच्या बोलण्याखाली गाणं दबून पार्श्वसंगीत झालेलं असतं. निदान एक गाणं धृपदासह दोन पूर्ण कडवी, कोणाच्याही निवेदनाशिवाय, वाजू द्या. नावाच्या पट्टीतही तेच होतं. प्राध्यापकांना पूर्ण नाव आणि पद, गाणाऱ्या मावशींना नुसतं ‘स्थानिक रहिवासी’. हा अन्याय दोन मिनिटांत दुरुस्त होतो, तरी राहून जातो.

सबटायटलमध्ये ‘जय भीम’ला ‘नमस्कार’ करू नका, तो शब्द जसाच्या तसा ठेवा. मराठी सबटायटल असतील तर बोलीतलं ‘आमी’ शुद्ध करून ‘आम्ही’ करण्याचा मोह टाळा.

संमतीपत्र मराठीत हवं आणि ते मोठ्याने वाचून दाखवायला हवं. चळवळीतल्या माणसावर उद्या केस पडू शकते. कबीर कला मंचाच्या कलाकारांच्या बाबतीत पुढे ते घडलंच. त्यामुळे चेहरा काढून टाकण्याची मुभा शेवटपर्यंत खुली ठेवा.

पिक्चर लॉक करण्याआधी, म्हणजे दृश्यांचा एडिट कायम करण्याआधी, माहितीपट वस्तीत दाखवा. रात्री साडेआठनंतर, बायकांची जेवणं उरकल्यावर. स्पीकर पडद्याजवळच असू द्या, मागे ठेवले तर पुढे बसलेल्यांना झील ऐकू येत नाही. वही-पेन घेऊन बाजूला उभे राहा: कोण कुठल्या दृश्याला उठून गेलं, कोणाचं नाव चुकलंय म्हणून ओरड झाली, ते लिहून घ्या. श्रेयनामावलीत ‘आणि सहकारी’ ही ओळ खोडा. तिथे ढोलकी कोणाची, हलगी कोणाची, तुणतुणं कोणाचं, झीलला कोण कोण, सगळी नावं आडनावासकट.