बुडख्यातला बांबू

ऑर्डर दिव्यांची होती. पैठणजवळ एक रिसॉर्ट उभं राहत होतं, त्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये टांगायला बांबूचे दिवे हवे होते आणि त्यांच्यावर पैठणीच्या काठावरची नक्षी. मुनिया, असावलीचा वेल, मधूनच अजिंठ्याचं कमळ. नुसती रेघ ओढलेली चालणार नव्हती, नक्षीला उठाव पाहिजे होता. वास्तुविशारद बाईंनी चित्राबरोबर मापंही पाठवली. व्यास पाच इंच, कोरीव काम निदान अर्धा इंच खोल. कागद वाचला आणि नक्षी राहिली बाजूला, मी बांबूच्याच काळजीत पडलो.

पाच इंची बांबू मिळतो हो. पण त्याचं दळ, म्हणजे भिंतीची जाडी? अर्धा इंच खोल कोरायचं म्हणजे मागे तेवढाच तरी मांसल भाग शिल्लक राहायला हवा, नाहीतर मुनियाच्या पोटातून पटाशी आरपार जायची.

लातुरात बांबू-बल्ल्यांची दुकानं आहेत. गिऱ्हाईक तीन प्रकारचं: मंडपवाले, सेंट्रिंगवाले आणि तिरडीचं सामान न्यायला आलेले. मी प्रत्येक बांबूच्या तोंडात टेप घालून बघतोय म्हटल्यावर दुकानदारानं विचारलंच, "सर, काही बांधायचंय का कुणाला न्यायचंय?" त्याच्याकडचा माल बाहेरच्या राज्यांतून ट्रकने येतो. दिसायला देखणा, सरळ, हिरवट-पिवळा. दळ मात्र जेमतेम पाव इंच, आणि काही बांबू उभ्यानं आपटले की तोंडातून पिठासारखी पिवळसर भुकटी गळायची. भुंगा लागलेला. मंडपाच्या चार दिवसांना तो पुरतो. आमच्या कामात दिवा टांगल्यावर सहा महिन्यांनी जेवणाऱ्याच्या ताटात पीठ पडेल.

भरीव बांबू आपल्याकडे नाही असंही नाही. किनवट-माहूरच्या डोंगरांत मानवेल होतो. कमी पावसाच्या, मुरमाड जागी तो इतका भरीव येतो की मधली पोकळी नावालाच उरते. लाठी-काठीला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण त्याचा घेर बेताचा, फार तर दोन-अडीच इंच. सिंधुदुर्गातला माणगाही तसाच. सरळ, बिनकाट्याचा, भरीव, आणि बारीक. पेनस्टँड, चमचे, मूर्तीचे हात यांना उत्तम. दिव्याला नाही.

मग नवीन लागवडी पाहिल्या. औसा तालुक्यात लोदग्याला बांबूचं मोठं काम उभं राहिलं तेव्हापासून आमच्या भागात ऊस मोडून बांबू लावणारे शेतकरी दिसतात. अशाच एकाकडे बाल्कोवा जातीचे बांबू होते. मनगट नाही, मांडीच म्हणा! दळही चांगलं. मालक म्हणाला, "पाहिजे तेवढं न्या." मी जवळ जाऊन बघितलं. पेरांवर पांढरी भुकटी तशीच, खालच्या डोळ्यांना वाळकी पानोळी अजून चिकटलेली. बांबू एका पावसाळ्याचा होता, फार तर दोन.

इथे सगळ्यांचीच गफलत होते. झाडासारखा बांबू दरवर्षी जाड होत नाही. कोंब जमिनीतून डोकं वर काढतो तेव्हाच त्याचा घेर ठरलेला असतो, आणि तीन-चार महिन्यांत तो पूर्ण उंच होतो. त्यामुळे सहा महिन्यांचा आणि चार वर्षांचा बांबू टेपनं मोजला तर सारखाच भरतो. मधल्या वर्षांत आतला धागा कठीण होत जातो, पाणी कमी होतं. कोवळा बांबू कोरला तर त्या दिवशी लोण्यासारखा कापला जातो आणि वाळताना सुरकुततो, पेरापासून पेरापर्यंत तडकतो. त्यात साखर-पिठूळपणाही जास्त, म्हणजे भुंग्याला आमंत्रण. शेतकऱ्याला सांगितलं, आणखी दोन वर्षं थांबा, मी येतो. त्याला वाटलं मी भाव पाडतोय.

तेवढ्यात येळवस आली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या लोकांना सांगायला हवं, मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळे रानात. ज्याला शेत नाही त्याला दहा जण बोलावतात. मला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या बुरूड मामांना तेरणेकाठच्या एका मित्रानं बोलावलं होतं. मामा सत्तरीचे. सूप, दुरडी, रोवळी, कणग्या यांत आयुष्य गेलं. प्लास्टिकनं धंदा बसवला तसे ते माझ्या कारखान्यात यायला लागले. मी चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू केंद्रात प्रशिक्षण घेतलंय, पण बांबू निवडताना मी मामांच्या तोंडाकडे बघतो.

कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, पूजा झालेली. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि माठातली गार आंबिल. जेवण झाल्यावर मामा पान लावत बसण्याऐवजी उठले आणि ओढ्याच्या कडेला चालू लागले. तिथे कळकाचं, म्हणजे काटेरी बांबूचं, बेट होतं. मी आल्या आल्या पाहिलं होतं आणि सोडूनही दिलं होतं. कळक वेडावाकडा, काटेरी, आणि वरचे वासे गेल्या दोन वर्षांत मंडपवाल्यानं तोडून नेलेले. उरले होते ते कोवळे.

मामा लांब काठीनं बेटाच्या बुडाशी ढोसत उभे होते. कळकाच्या बेटात हात घालण्याआधी हे करायचंच. घोणस असते. थोड्या वेळानं पाचोळ्यातून भलीमोठी कात निघाली. ती काठीनं बाजूला सारून मामा म्हणाले, "मालक घरी न्हाई. बगून घ्या."

मी वाकलो, तेव्हा ते काय दाखवत होते ते कळलं.

कळकाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं असं जाळं असतं की तोडणारा खाली वाकतच नाही. तो छातीएवढ्या, कधी डोक्याएवढ्या उंचीवर कोयता घालतो आणि वरचा सरळ वासा ओढून नेतो. खालचा चार-पाच फुटांचा बुडखा बेटातच राहतो. मंडपवाल्याच्या लेखी तो कचरा. इथे असे बुडखे दाटीनं उभे होते, करडे पडलेले, काही कुजलेले, काही उभ्या उभ्या वाळून खणखणीत झालेले. आणि बांबूचं दळ सगळ्यात जास्त असतं ते बुडातच. वर जाईल तसं ते पातळ होत जातं. पेरंही बुडाशी वीतभर अंतरावर, म्हणजे ताकद आणखी जास्त. दुकानात जो बांबू येतो त्याचा सगळ्यात चांगला हिस्सा दुकानात कधी येतच नाही.

मामांनी कोयत्याच्या पाठीनं एकेक बुडखा वाजवून दाखवला. भदभद वाजला की आतून गेलेला. टणटण वाजला की घ्यायचा. मधलाच एक आवाज असतो, वरून टणक पण शेवटाला किंचित फुटका, तो तडकलेला. मी बोटं फिरवून भोकं शोधत होतो. भुंग्याचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि त्याच्याखाली काट्यावर पीठ साचलेलं सापडतं. दक्षिणेकडच्या बाजूचे, ऊन लागणारे बुडखे निर्मळ निघाले. आतल्या गर्दीतले, पावसाचं पाणी तोंडात साचलेले, बहुतेक कामातून गेलेले.

आता कापायचे कधी, यावर पंचाईत झाली. बुरूड मंडळींचा पक्का नियम: बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा, म्हणजे किडत नाही. मामा म्हणाले, "आज अमावस्या. ह्याच्याहून अंधार कुठला आणायचा? उद्यापासून उजेड लागला." मला विचाराल तर चंद्रापेक्षा ऋतू महत्त्वाचा. हिवाळ्यात बांबूत पिठूळपणा कमी असतो, आणि भुंगा येतो तो पिठासाठी. पण मामांशी मी यावर वाद घालत नाही, कारण अंधारा पाख असो की हिवाळा, त्यांनी तोडलेला बांबू किडलेला मी पाहिलेला नाही.

मित्राची आई मात्र कोपीतूनच ओरडली, "काय हुडकायलाव रे तिथं? आज रानात कोयता चालवायचा न्हाई!"

मामा माठाजवळ जाऊन अदबीनं बसले. "माय, कापायचं न्हवं. वाळलेलं हाय ते. मेलेलं. नुसतं काढायचं."

"मेलेलं काढायला कोयता कशाला लागतुय?"

"करवत लागती."

म्हातारीनं थोडा विचार केला. हे बेट तिच्या सासऱ्यानं लावलेलं. 1993 च्या भूकंपात गावातलं माळवद बसलं, तेव्हा याच बेटाचे वासे काढून त्यांनी रानात छप्पर घातलं होतं आणि तिथंच हिवाळा काढला होता. ती म्हणाली, "हिरव्याला हात लावायचा न्हाई. आन् चर शिंपून झाल्यावर काढा." मग तिची लेकरं आंबिलीचा माठ घेऊन शेताच्या कडेनं शिंपडत फिरून आली, आणि ऊन कलल्यावर आम्ही करवतीला हात घातला.

कळक कापणं म्हणजे निम्मा वेळ काटे छाटणं. त्याचे काटे जोडीनं, कधी तिघं मिळून येतात, वाकडे आणि लोखंडासारखे. मित्राची चप्पल आरपार गेली. पहिला बुडखा आडवा झाला आणि मी कापाचं तोंड पुसून टेप लावला. बाहेरून साडेपाच इंच. दळ सव्वा इंच. मधली पोकळी जेमतेम तीन इंच. कापावर बाहेरच्या कडेला तपकिरी ठिपके गच्च दाटलेले, आत जाईल तसे विरळ. ते धाग्यांचे जुडगे. बांबूची ताकद त्या बाहेरच्या दाट पट्ट्यात असते, आणि उठावाचं काम टिकवायचं तर तो पट्टा नक्षीच्या माथ्याशी राहिला पाहिजे. एवढ्या दळाचा बांबू माझ्या हातात पूर्वी आला नव्हता. मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा मित्रानं विचारलं, "जळणाला न्यायलास का काय?"

अंधार पडेपर्यंत टेम्पो भरेल एवढे झाले. पूर्वी बांबू रस्त्यानं न्यायचा म्हणजे वनखात्याच्या पासची धास्ती असायची. मामांनी त्यापायी तपासणी नाक्यावर रात्री काढल्यात. 2017 साली भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वनाबाहेरचा बांबू वगळला, तेव्हापासून शेतातल्या बांबूचं ते झंझट गेलं. तरी टेम्पोवाल्यानं दोनदा विचारलं, कागद आहे ना म्हणून.

पुढचं काम कारखान्यातलं. जुने लोक बांबू महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे, त्यातला पिठूळपणा निघून जायचा. पद्धत चांगली आहे. पण ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथे बांबू भिजवायला महिनाभर पाणी कोण देणार? आम्ही टाकणखार आणि बोरिक पावडर वापरतो, शंभर लिटरला तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक. हौदातलं पाणी पुन्हा पुन्हा कामाला येतं. आधी सळईनं पेरांचे पडदे फोडायचे, नाहीतर औषध आत पोचत नाही. वाळलेला बांबू ओल्यापेक्षा औषध हळू पितो, म्हणून बुडखे जास्त दिवस ठेवले. मग सावलीत उभे करून वाळवले. उन्हात टाकले असते तर सगळी मेहनत तडकली असती.

कोरताना कळकानं त्याचा स्वभाव दाखवला. बांबूला आडवा धागा नसतोच. पटाशी धाग्याच्या दिशेनं लागली की ढलपी सुटते ती थेट पुढच्या पेरापर्यंत पळते, आणि तिच्याबरोबर मुनियाची शेपटी. म्हणून आधी धारदार सुरीनं नक्षीच्या कडेनं धागे आडवे तोडून घ्यायचे, मगच बाजूचा भाग उतरवायचा, तोही दोन्हीकडून मधे येत. पेराजवळ धागे वळतात, तिथे चोच किंवा डोळा येऊ द्यायचा नाही. वीतभर पेरं असलेल्या बुडख्यावर ही मोठीच अडचण. मग मी नक्षी हलवली. जिथे पेर तिथे असावलीचं फूल, जिथे मोकळी जागा तिथे पक्षी. काट्यांच्या फांद्या निघालेल्या गाठी तासून न टाकता वेलाच्या कळ्या केल्या.

बाईंनी पहिला नमुना पाहिला आणि म्हणाल्या, "सगळे एकसारखे सरळ नाही मिळणार का?" मी म्हटलं, सरळ हवे असतील तर पातळ मिळतील. बुडखा थोडा तिरका असतोच, घेरही पुरता गोल नसतो. त्यांनी दिवा लावून बघितला, मग दोराची लांबी कमी-जास्त करून तिरके दिवे तिरकेच टांगायचं ठरलं.

बुडख्यांचे पैसे घ्यायला म्हातारी तयार नव्हती. बुडखे निघाल्यानं बेट मोकळं झालं, आता पावसाळ्यात कोंब सरळ वर येतील, हाच तिचा फायदा असं ती म्हणत राहिली. मामांनी तिला एक सूप आणि एक रोवळी विणून दिली. मित्राशी मात्र मी किलोवर भाव ठरवला, कारण फुकटाचा माल दुसऱ्या खेपेला मिळत नाही. त्यानं शेजारच्या शिवारातली आणखी दोन बेटं दाखवलीत. मंडपवाल्यालाही सांगून ठेवलंय की वासा वरून ने, पण तोडल्याचं साल खुंटावर रंगानं टाक, म्हणजे किती वाळलाय ते मला कळेल. त्या बदल्यात तो खुंटामागे वीस रुपये मागतो. दहावर येईल असं मामांचं म्हणणं आहे.