आठवी भट्टी, नववी भट्टी आणि गेलेली लाइन

भांड्यांवरच्या ग्लेझमध्ये, म्हणजे काचेसारख्या लेपात, स्फटिकांची फुलं उमलवायची माझी खटपट चालली आहे. त्यातली आठवी भट्टी वाया गेली. सहा फुलदाण्या, सहाही काचेसारख्या गुळगुळीत. दोघींच्या गळ्याशी मोहरीएवढे ठिपके दिसतात, त्यांना स्फटिक म्हणायचं तर म्हणा.

माझी भट्टी गावातल्या आटाचक्कीच्या मागच्या शेडमध्ये आहे, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. इथे तुमसर तालुक्यात शेतीच्या फीडरवर थ्री फेज काही तासच मिळते, आणि माझी एक भट्टी बारा तासांच्या आत उतरत नाही. चक्की गावठाण फीडरवर आहे. चक्कीवाले मामाजी दिवसा दळतात, रात्री मी भाजते. युनिट मोजून पैसे देते, शिवाय शाळा सुटल्यावर त्यांच्या नातवाचं गणित घेते.

कृती तीच ठेवली आहे: ३११० फ्रिट (वितळवून दळलेली काच) ५० भाग, भाजलेलं झिंक ऑक्साइड २५, सिलिका २५, वर टायटॅनियम ऑक्साइड १ आणि कोबाल्ट कार्बोनेट अर्धा. झिंक कच्चं घालू नका. ते भट्टीत आकसतं, ग्लेझला भेगा पडतात आणि तो गोळा होऊन सरकतो. मे महिन्यात आमच्याकडे बिस्क, म्हणजे एकदा भाजलेलं पण ग्लेझ न लावलेलं भांडं इतकं कोरडं असतं की ग्लेझ लावताक्षणी पाणी ओढून घेतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. आता भांडं आधी ओल्या फडक्याने पुसते आणि ग्लेझमध्ये थर धरून राहावा म्हणून थोडा सीएमसी डिंक घालते.

या ग्लेझमध्ये त्याला घट्ट धरून ठेवणारा अॅल्युमिना जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो १२६० अंशांना एकतारी पाकासारखा वाहतो. पाक गार होताना साखर धरतो ना, तसंच इथे झिंक आणि सिलिका एकत्र येऊन विलेमाइटचे स्फटिक धरतात. त्यासाठी वर नेऊन पटकन ११०० च्या खाली आणायचं आणि तिथे तासन्‌तास थांबायचं. मी १०९० वर तीन तास थांबते. सगळी कमाई या तीन तासांची. वर चढवणं कोणीही करेल.

सुरुवातीला हौसेने वैनगंगेकाठची लाल माती वापरून पाहिली होती. एवढ्या आचेला ती फुगून बसली, भट्टीतलं शेल्फही खराब झालं. पोर्सेलीनला, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीला, पर्याय नाही, हे मान्य केलं. डोंगरी बुजुर्गच्या वाटेवर ट्रकातून सांडलेला मँगनीजचा काळा खडाही एकदा कुटून घातला होता. तपकिरी चिखल निघाला. मँगनीजचा धूर अंगाला वाईट, तेव्हा तो नाद सोडला.

तर आठवी. १०९० वरचा थांबा सुरू होऊन दोन तास झाले होते. मी बाजेवर डोळा लावला होता, तेवढ्यात हाक आली.

"मॅडम, लाइन गेली जी!"

वीस मिनिटांनी आली. मला वाटलं, भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर जिथे होता तिथून पुढे जाईल. पहाटे उठून पाहते तर आकडा १२४० आणि वर चढतोय! पठ्ठ्याने कार्यक्रम पहिल्यापासून सुरू केला होता. वाढलेले स्फटिक पुन्हा विरघळले असणार. घाबरून मेन स्विच खाली ओढला, आणि ती दुसरी चूक. तशीच चढू दिली असती तर तीन तासांचा थांबा पुन्हा मिळाला असता. ग्लेझही दोनदा वाहिला, ओघळ झेलायला फुलदाण्यांखाली ठेवलेल्या थाळ्या काठोकाठ भरल्या.

सेटिंगमध्ये लाइन परतल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो. चार वर्षांत मी तो उघडूनही पाहिला नव्हता. तुम्ही आजच पाहा.

नवव्या भट्टीला तो बदलला. लाइन या वेळीही गेली, दीड तासाच्या थांब्यानंतर, पंधरा मिनिटं. आकडा १०२० पर्यंत उतरला, मग कंट्रोलरने निमूट १०९० वर आणून उरलेला वेळ पुरा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. प्रत्येक निळ्या फुलाच्या आत एक फिकट कडं! रुपयाएवढं फूल आणि मधोमध खळं पडल्यासारखी बारीक रेघ. तापमान हललं की स्फटिकाची वाढ बदलते, त्याचीच ही खूण. जाणकार हे मुद्दाम करतात, माझ्याकडे वीज कंपनीने करून दिलं.

पाच शाबूत निघाल्या. सहावीचं बूड गेलं: ग्लेझने थाळीला चिकटलेली ती सोडवायला डायमंड चकतीने खाच पाडली, टॉर्चची ज्योत फिरवली, आणि ठोकताना घाई केली. कडं असलेलं सगळ्यात मोठं फूल नेमकं तिच्यावरच होतं.

दहाव्या भट्टीला आकडा मी स्वतः दोनदा १०३० वर आणून परत चढवणार आहे, म्हणजे दोन कडी. रविवारी रात्री, लाइन मध्येच गेली तर तीन.