पडवीत मांडलेला १८९०चा दवाखाना

दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागली की मालवणच्या बाजूला एका जुन्या चिरेबंदी घराच्या पडवीत आम्ही इंग्रजी अमदानीतला दवाखाना लोकांना बघायला मांडतो. शाळेची मुलं येतात, मुंबईकर चाकरमानी येतात, गावातली म्हातारी माणसं येतात. हा दवाखाना डॉक्टरचा नाही, कंपौंडरचा आहे. काचेच्या कपाटातल्या बाटल्यांपुढे माणूस दोन मिनिटं थांबतो. त्याच्याच हातात काटा देऊन पाच ग्रेनची पुडी बांधायला सांगा, मग तो उठायचं नाव घेत नाही. आपल्या गावात कुणाला असं काही मांडायचं असेल, तर काय लागतं आणि कुठे बिघडतं ते इथे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. औषधं बनवायची कृती विलायतेत लिहिली गेली, तिथल्या थंड हवेला धरून. आपल्याकडे मीठसुद्धा बरणीत पाझरतं. त्या कृती कोकणातल्या हवेत कशा वागतात, हेच दाखवण्यासारखं आहे. नुसती जुनी उपकरणं तर कुठेही बघायला मिळतात.

पहिलं काम वजनाचं. साठ ग्रेनचा एक ड्रॅम, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. लोकांना हे कळत नाही, पण तोळा कळतो. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा धरला होता. बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा, तेव्हा एक गुंज जवळजवळ पावणेदोन ते दोन ग्रेनची. सोनाराच्या काट्यात एका पारड्यात गुंजा आणि दुसऱ्यात ग्रेनची वजनं टाकली की हिशोब डोळ्यांसमोर उभा राहतो. मात्र गुंज विषारी आहे. अख्खी असेपर्यंत कवच टणक असतं, पण चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकतं. आम्ही मोजून आठ गुंजा घट्ट झाकणाच्या काचेच्या डबीत ठेवतो, डबीचं वजन वजा करतो आणि मुलांच्या हातात सुटी गुंज कधीच देत नाही.

काटा पडवीत नीट चालतो तो सकाळी. दुपारी खारे वारे सुरू झाले की पारडी थरथरतात आणि पाच ग्रेनचे सात कधी झाले ते कळत नाही. तीन बाजूंनी काच लावलेली पेटी करून घ्या, नाहीतर अकराच्या आत वजनाचं काम आटपा.

पुडीसाठी साधारण चार इंच बाय पाच इंच कागद लागतो, गुळगुळीत आणि कोरा. लांब कडेवर अर्ध्या इंचाची घडी घालायची, मधोमध चूर्ण ठेवायचं, समोरची कड त्या घडीत अडकवायची, घडी पुन्हा आपल्याकडे वळवायची आणि दोन्ही टोकं मागे मुडपून एकात एक खोचायची. सगळ्या पुड्या एका मापाच्या दिसल्या पाहिजेत. चूर्ण म्हणून आम्ही तांदळाचं पीठ घेतो. आधी डोळ्यांनी आठ ढीग करायला सांगतो आणि मग एकेक तोलायला लावतो. दिसायला सारखे असलेल्या ढिगांत निम्म्याहून जास्त फरक निघतो. हे पीठ नसून अफूची पूड असती तर काय झालं असतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

गोळ्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पाच ग्रेनच्या बारा गोळ्यांना एक ड्रॅम, म्हणजे सुमारे चार ग्रॅम लगदा लागतो. आम्ही तीन भाग जेष्ठमधाची पूड आणि एक भाग कणीक घेतो. खलात घोटता घोटता डिंकाचं घट्ट पाणी थेंबाथेंबाने घालायचं. कोरडी पूड एकाएकी गोळा व्हायला लागते. त्यानंतर फार तर दोन थेंब, बस. लगदा खलाची कड सोडून बत्त्याभोवती जमला आणि बोटाला चिकटला नाही, की तयार. पाटावर हाताने लाटून त्याची एकसारख्या जाडीची वळी करायची. टोकं बारीक झाली तर कडेच्या गोळ्या हलक्या भरतात, म्हणून लाकडी पट्टीने दोन्ही टोकं मध्ये ढकलून चौकोनी करायची. पट्टीवरच्या बारा खुणांवर सुरीने कापायचं आणि तळव्याखाली गोल फिरवायचं. वर जेष्ठमधाचीच कोरडी पूड भुरभुरवायची, नाहीतर डबीत सगळ्या एकमेकींना चिकटतात.

बिघडतं ते असं. डिंकाऐवजी मध किंवा ग्लिसरीन घातलं की गोळी हाताला छान लागते, पण दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, आणि संध्याकाळी ठेवलेली गोळी सकाळी बसून चपटी झालेली असते. उलट नुसत्या डिंकाची गोळी फार वाळली की दगड होते, पाण्यात टाकली तर विरघळायलाच तयार नसते. अशी गोळी पोटात जाऊन जशीच्या तशी बाहेर पडत असे. म्हणून एक ताजी आणि एक जुनी गोळी कोमट पाण्याच्या दोन पेल्यांत टाकून शेजारी ठेवावी. खरं क्विनाइन, म्हणजे हिवतापावरचं कडू औषध, वापरू नये, त्याची गरजही नाही. कडूपणा दाखवायचा असेल तर किराइताच्या काढ्याचा एक थेंब जिभेवर पुरतो. बंगालात १८९२पासून पोस्टात एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली होती, हे त्याच वेळी सांगतो. ताप गावागावात होता आणि डॉक्टर नव्हता, हे त्या एका पैशातून समजतं.

मिक्स्चरची बाटली म्हाताऱ्या माणसांना लगेच ओळखू येते. घरून बाटली न्यायची, लाल औषध भरून घ्यायचं आणि बाजूला कातरलेली कागदाची पट्टी. सहा औंसांची बाटली, अर्ध्या औंसाचा डोस, म्हणजे बारा डोस. बाटलीत पाणी भरून तळापासून पातळीपर्यंत पट्टी कापायची, तिच्या बारा समान घड्या घालायच्या आणि घडीचे दोन्ही कोपरे कातरीने उडवायचे. उलगडली की दोन्ही कडांना खाचा. तळाशी काच जाड असेल किंवा खांद्याशी बाटली निमुळती असेल तर पहिला आणि शेवटचा डोस चुकतो, म्हणून बाटली सरळ अंगाची निवडावी. पट्टी खळीने चिकटवतात. साध्या खळीला झुरळं लागतात. चिमूटभर मोरचूद घातला तर लागत नाहीत, पण मोरचूद विषारी, तेव्हा ती खळ मोठ्यांनीच करावी आणि मुलांना साधी द्यावी.

लाल रंगासाठी आम्ही कोकमाचं आगळ वापरतो, आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दाखवता येते. आगळाच्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाका. फसफसून येतं आणि लाल रंग जांभळट-काळपट पडतो. न जमणारी दोन औषधं एका बाटलीत घातली की असंच होतं, आणि बूच घट्ट असेल तर ते उडतं. हा प्रयोग उघड्या पेल्यातच करावा.

याहून घातक प्रकार डोळ्यांना दिसत नाही. आपल्या रानातल्या काजऱ्याच्या बियांतून स्ट्रिकनीन निघतं. ते अगदी थोड्या मात्रेत शक्तिवर्धक म्हणून देत असत. त्याच बाटलीत ब्रोमाइड, म्हणजे तेव्हाचं झोपेचं औषध, पडलं तर स्ट्रिकनीनचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. वरचे डोस निरुपद्रवी आणि सगळं विष शेवटच्या डोसात. ‘बाटली हलवून घेणे’ ही चिठ्ठी का लागते, हे दाखवायला आम्ही पाण्यात खडूची पूड घालून एक बाटली न हलवता ओततो आणि एक हलवून. काजऱ्याच्या बिया मात्र टेबलावर आणत नाही, चित्र ठेवतो. विषाच्या बाटल्या निळ्या-हिरव्या, अंगावर उभ्या रेघा असलेल्या असत. अंधारात हाताला कळावं म्हणून. तशी एक मिळाली तर डोळे मिटून चाचपायला द्या.

सिडलिट्झ पावडर, म्हणजे पाण्यात फसफसणारं पोट साफ करायचं औषध, करायला सोपी आहे. निळ्या कागदात टार्ट्रेटेड सोडा १२० ग्रेन आणि खाण्याचा सोडा ४० ग्रेन, पांढऱ्या कागदात टार्टरिक आम्ल ३८ ग्रेन. आधी निळी पाण्यात विरघळवायची, मग पांढरी टाकायची. मूळ औषध रेचक आहे, म्हणून आम्ही टार्ट्रेटेड सोडा गाळतो. दोन्ही चूर्णं मुद्दाम एकत्र करून एक पुडी पडवीत उघडी ठेवावी. दमट हवेत ती आपोआप कुरकुरते आणि मग पाण्यात टाकली तरी जीव नसतो.

मलम हा आमच्या दवाखान्यातला मला सगळ्यात आवडता भाग आहे, कारण इथे कोकणाची वस्तू थेट सरकारी औषधकोशात गेलेली आहे. १८६८च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त कोकमाच्या तेलाची, म्हणजे आपल्या भिरंडेलाची, मलमाला उपयोगी म्हणून नोंद आहे. विलायती कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे एप्रिलात कौलांखाली ते डबीतच पातळ होतं. भिरंडेल ४०च्या आसपास टिकतं. कोकमाच्या बिया वाळवून फोडायच्या, गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर येणारा थर काढून गार होताना मुठीत वळायचा. मुठेल म्हणतात ते याचसाठी. मलमाला चार भाग खोबरेल आणि एक भाग भिरंडेल, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद वितळवायचं. थेंबभर गार बशीवर टाकून बोटाने ओढून बघा. पसरला तर भिरंडेल वाढवा, तुकडे पडले तर खोबरेल. डिसेंबरच्या पहाटे खोबरेल स्वतःच गोठतं, त्यामुळे थंडीतलं माप मेमध्ये चालत नाही. उतरवल्यावर गार होईपर्यंत ढवळत राहावं. तसंच सोडलं तर रवाळ होतं.

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकत. हा उपाय हॅन्किन या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने रूढ केला. आम्ही बादलीत दोन-चार खडे टाकून गुलाबी रंग दाखवतो. गढूळ पाण्यात रंग उडून तपकिरी होतो आणि पुन्हा टाकावं लागतं, हेही दाखवतो. परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आलं की आपोआप पेट घेतं. दोन्ही एकाच टेबलावर ठेवूच नका.

देवी टोचणं आम्ही सुईने करत नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टिकली. पुढे बराच काळ दंडावरून दंडावर लस चालवली गेली. आठव्या दिवशी फोड पिकला की त्यातली लस पुढच्या मुलाला. मुलांना ओळीत उभं करून हातातली चिठ्ठी आठव्या दिवसाच्या हिशोबाने पुढे द्यायला सांगावं, आणि मधल्या एकाला ‘फोड आलाच नाही’ म्हणून खाली बसवावं. साखळी तुटते आणि पुढची सगळी रांग लसीविना राहते. पन्नाशी-साठीच्या माणसांच्या दंडावर देवीचे वण असतात. ते आपणहून बाही वर करतात, आपण मागू नये.

प्लेगचा कोपरा वेगळा ठेवावा आणि तिथे नाटक करू नये. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, गिरण्यांतली कोकणी माणसं गावाकडे निघाली, आणि १८९७च्या साथरोग कायद्याने सरकारला माणसं तपासायचे, अडवायचे, वेगळं ठेवायचे अधिकार मिळाले. घरं उपसली गेली, बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लसही त्याच वर्षातली. दोन्ही गोष्टी एकाच फळ्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहाव्यात. पाहुण्यांना तपासण्याचा खेळ करायला कुणी सुचवलं तर ठाम नको म्हणावं. ज्यांच्या घरात ही आठवण पिढ्यांनी पुढे आली आहे, अशी माणसं समोर असतात.

शिमगा झाला की आवराआवर. पितळी काटे चिंचेने घासून पूर्ण वाळवून खोबरेलाचा हात द्यायचा, नाहीतर खाऱ्या हवेने हिरवे पडतात. बुचं बाटल्यांतून काढून वेगळी ठेवायची, लावलेली राहिली तर बुरशीने आत चिकटतात आणि काढताना तुटतात. चिठ्ठ्या आणि कागद डब्यात, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. कणीक, जेष्ठमध, आगळ यातलं काहीही पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. परमँगनेट आणि गुंजा कुलपात.