उंची डोंगराची, खर्च मनोऱ्याचा

डोंगरमाथ्यावरचा प्रक्षेपण मनोरा दुरून पाहिला की तो एखादे बलाढ्य यंत्र असावे, असे वाटते. प्रत्यक्षात तिथे ट्रान्समीटरच्या ताकदीपेक्षा जागेच्या उंचीचे मोल अधिक असते. एफएम रेडिओ आणि टीव्हीचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, वातावरण त्यांना पृथ्वीच्या गोलाईबरोबर किंचितच वाकवते, आणि क्षितिज ओलांडल्यावर सिग्नल झपाट्याने क्षीण होतो. हे रेडिओ-क्षितिज किती किलोमीटरवर आहे हे काढायचे तर उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ घेऊन त्याला साधारण 4.1 ने गुणावे. सपाटीवरच्या 100 मीटर मनोऱ्याचे क्षितिज 41 किलोमीटरवर येते, तर भोवतालच्या मुलखापेक्षा 1,000 मीटर उंच असलेल्या अँटेनाचे सुमारे 130 किलोमीटरवर. अंतर तिपटीहून थोडेसेच वाढते, पण क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे सिग्नलच्या टप्प्यात येणारा प्रदेश थेट दहापट होतो.

मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) रेडिओ केंद्रांना मात्र या उंचीचे काहीच अप्रूप नाही. तिथे संपूर्ण मनोराच अँटेना असतो, तरंग जमिनीला धरून पसरतात, आणि म्हणून ओलसर, सपाट जमीन शोधून तिच्यात तांब्याच्या तारा चहूबाजूंनी पुरतात. खडकाळ शिखर त्यांच्यासाठी गैरसोयीचेच.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण या मनोऱ्यांना अक्षरशः लागू पडते. अँटेना म्हणजे एकावर एक रचलेल्या पॅनेलांची चळत असते, आणि ही चळत जितकी उंच, तितका तिचा झोत उभ्या दिशेने चपटा होत जातो. 1,000 मीटरवरून पाहिले तर क्षितिज आडव्या रेषेच्या सुमारे एक अंश खाली दिसते. झोत अगदी आडवा सोडला तर त्याचा निम्मा भाग आकाशात वाया जातो आणि पायथ्याची वस्ती कोरडीच राहते. म्हणून झोत मुद्दाम खाली कलवतात, आणि त्यासाठी अँटेना वाकवावी लागते असेही नाही. खालच्या पॅनेलांकडे जाणारी केबल थोडी लांब ठेवली की तिथला सिग्नल क्षणाच्या सूक्ष्म अंशाने उशिरा पोहोचतो आणि सगळा झोत खाली झुकतो. मुख्य झोताखाली उरणारे अंधारे पट्टे भरून काढण्यासाठी पॅनेलांमध्ये वीज असमान वाटतात. इतके करूनही सुळक्याच्या आडोशाला किंवा अरुंद दरीत वसलेल्या गावाला मनोरा डोक्यावर दिसत असतानाच सिग्नल मिळत नाही, आणि मग त्यासाठी छोटे पुनःप्रक्षेपण केंद्र वेगळे उभारावे लागते.

थंड प्रदेशातल्या शिखरांवर खरा शत्रू बर्फ असतो. ढगातले अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेले, थेंब मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारेला टेकताक्षणी गोठतात आणि बर्फाचा थर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वाढत जातो. त्यामुळे तारेचे वजन तर वाढतेच, पण तिचा आकारही बदलतो आणि ती वाऱ्यात वेगळ्याच तालावर हलू लागते. अँटेनावरच बर्फ साचला तर पाठवलेल्या विजेचा काही भाग उलटा ट्रान्समीटरकडे परततो. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एम्ली मूर इथला सुमारे 385 मीटर उंचीचा पोलादी नळीचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, 19 मार्च 1969 रोजी कोसळला, तेव्हा त्याला तोलून धरणाऱ्या दोरांवर बर्फ चढलेला होता. वाऱ्यामुळे निर्माण झालेली कंपने आणि हा बर्फ यांनी मिळून तो पाडला. ती जागा तर पर्वतही नाही, एक उंचवट्याचा माळ आहे. त्याच्या जागी 1971 मध्ये उभा राहिलेला 330 मीटरचा काँक्रीटचा मनोरा कोणत्याही दोराशिवाय उभा आहे, हे पुरेसे बोलके आहे.

आकाशातल्या विजेची कथा थोडक्यात सांगता येते. शिखरावर वीज कोसळणारच, हे गृहीत धरावे लागते. अडचण अशी की कोरडा खडक वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे अर्थिंगच्या तारा माथ्यावरून दूरवर पसरवाव्या लागतात.

या सगळ्या मागण्यांना एकाच आकाराने दिलेले उत्तर मला चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स शहराजवळ, 1,012 मीटर उंच येश्तेद शिखरावर दिसते. तिथले जुने हॉटेल 1963 मध्ये जळाले. त्यानंतर हॉटेल आणि टीव्ही मनोरा अशा दोन वास्तू उभारण्याची कल्पना होती, पण वास्तुविशारद कारेल हुबाचेक यांनी दोन्ही एकाच इमारतीत गुंफल्या. पायाशी रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या तिच्या बाह्यरेषेमुळे डोंगराचा उतारच आकाशात पुढे सरकल्यासारखा वाटतो. छायाचित्रांखाली तिचे कौतुक बहुधा अवकाशयानासारखी म्हणून होते आणि ते मला अपुरे वाटते. गोल आणि निमुळत्या आकाराला वाऱ्याची पकड कमी मिळते, शिवाय असा आकार स्वतःच्या बळावर उभा राहत असल्यामुळे बर्फ साचायला ताणाचे दोरच उरत नाहीत. वरच्या भागातल्या अँटेना काचतंतूंच्या आवरणाआड आहेत. त्यातून रेडिओ तरंग आरपार जातात, बर्फ मात्र बाहेरच अडतो. अभियंता झ्देनेक पात्र्मान यांनी वाऱ्याने होणारी डोलती हालचाल शमवण्यासाठी आत एक लंबक बसवला. मनोरा एकीकडे झुकू लागला की लंबक मागे रेंगाळतो आणि कंपनाची ऊर्जा स्वतःकडे ओढून घेतो.

या रचनेला आंतरराष्ट्रीय वास्तुविशारद संघाचा ओग्युस्त पेरे पुरस्कार 1969 मध्ये मिळाला, म्हणजे 1973 मध्ये इमारत खुली होण्याच्या आधीच. खालच्या मजल्यांवर हॉटेल आणि उपाहारगृह, त्यांच्या माथ्यावर प्रक्षेपणाची यंत्रणा, ही मांडणी मला तिच्या देखणेपणाइतकीच महत्त्वाची वाटते. एरवी अनेक शिखरांवर प्रत्येक संस्थेचा मास्ट वेगळा, इंजिनघर वेगळे आणि कुंपणही वेगळे असते, आणि त्यातला प्रत्येक सांगाडा शेजारच्या अँटेनाच्या झोतात थोडीफार ढवळाढवळ करत असतो. अशा ठिकाणी नव्या मास्टला परवानगी देण्यापूर्वी असलेल्याच मनोऱ्यावर सामायिक अँटेना बसवण्याची सक्ती करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण अनेक केंद्रांचे सिग्नल एकत्र करून एकाच अँटेनातून सोडणारी उपकरणे कित्येक वर्षांपासून वापरात आहेत.