थंडीतली मरळ आणि सोल्डरची तार

पहिलंच सांगून टाकतो, बास हा आपल्या तळ्याधरणांतला मासा नाही, तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. तरी मी गेले तीन हिवाळे बासचेच व्हिडिओ बघून गळ टाकायला जातोय, कारण नकली आमिष म्हणजे ल्यूर वापरून मासे कसे धरायचे यावर जगात जेवढी बडबड झालीये त्यातली निम्मी-अधिक बासवर आहे, आणि मला पाहिजे मरळ. दोघांचा स्वभाव बराच जुळतो, दोघंही दबा धरून बसणारे, समोरून काही गेलं की झडप घालणारे. त्यात नोकरी अशी की मोकळा वेळ मिळतो तो डिसेंबर-जानेवारीतच, म्हणजे मरळ सगळ्यात आळशी असते नेमकी तेव्हा. त्यामुळे "कोल्ड वॉटर बास फिशिंग" असं काही दिसलं की मी बघणारच.

पहिल्या वर्षी तर मी गंडलोच होतो. तो अमेरिकन माणूस अंगात तीन जाकिटं घालून बोटीत उभा आणि सांगतोय की आज पाणी ४५ डिग्री आहे, फारच गार. मी म्हटलं ४५ डिग्री म्हणजे मे महिन्यातलं जळगाव की! मग पेटली, फॅरनहाइट. म्हणजे आपलं साधारण ७ सेल्सियस. तिथून पुढे सगळं ऐकताना मनातल्या मनात हिशोब करायची सवय लागली, आणि त्या हिशोबातच खरी गोम आहे असं आता वाटतं. त्यांचं गार पाणी वेगळं आणि आपलं गार पाणी वेगळं. त्यांचं कारण घ्यायचं, आकडे तिथेच सोडायचे.

कारण काय तर मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग. पाणी गार झालं की शरीराचं सगळं कामकाज मंदावतं, ढोबळमानाने १० डिग्रीने उतरलं की निम्म्यावर येतं. पचायला वेळ लागतो म्हणून भूक कमी, भूक कमी म्हणून हालचाल कमी. पळत्या आमिषामागे धावणं त्याला परवडतच नाही, जेवढं मिळणार त्यापेक्षा जास्त खर्च व्हायचा. हे बासलाही लागू आणि मरळीलाही. फरक एवढाच की बास ७ डिग्रीच्या पाण्यातसुद्धा अधूनमधून तोंड उघडतो, आपली मरळ गरम पाण्यातली, तिला १८-१९ डिग्रीलाच हुडहुडी भरते.

हे १८-१९ मी मोजलेत. मामांचं गाव दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबाग आहे, आणि बागेपासून दहा मिनिटांवर पाझर तलाव. तलावाचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारून, दोन-चार तास बसायची परवानगी घेऊनच जातो (हे नक्की करा, धरण असो की तलाव, कोणाचा तरी ठेका असतो आणि नंतरची भांडणं वाईट असतात. आणि नांदूर मध्यमेश्वरला गळ घेऊन जायचा विचारही नको, ते पक्षी अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे, थंडीत तिथे दुर्बीण घेऊन जायचं). दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडायचं, पाच मिनिटांनी वर काढायचं. मागच्या जानेवारीत सकाळी सातला पिचिंगच्या (बांधाच्या उतारावर रचलेल्या दगडांच्या) कडेला १८, दुपारी दोनला त्याच जागी २२. चार डिग्री म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण मरळीला सकाळ आणि दुपार एवढा फरक पडतो.

आणि इथेच मी दोन वर्षं वाया घालवली. मासेमारी म्हणजे पहाटे उठणं हे डोक्यात एवढं पक्कं बसलेलं की काळोखात निघायचो, निफाड-दिंडोरीची ती थंडी, बागेबागेत द्राक्ष वाचवायला पेटवलेल्या शेकोट्या, सगळीकडे धूर, बोटं इतकी बधिर की गाठ मारता येत नाही, आणि नऊ वाजेपर्यंत फक्त चहा. तलावावर एक तात्या येतात, बांबूची काठी, साधा गळ, थर्माकोलचा तुकडा, एवढंच सामान. ते कधीच अकराच्या आत दिसत नाहीत. एकदा मी विचारलं, तात्या तुम्ही सकाळी का येत नाही? तर म्हणाले, "पाणी उठल्याबिगर मासा उठतो व्हय?" झालं. मी जे इंग्रजीत चाळीस मिनिटं ऐकत होतो ते त्यांनी बिडी पेटवता पेटवता सांगितलं.

जागेचंही तसंच. अमेरिकन लोक थंडीत खोल जा म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण पाणी सगळ्यात जड असतं ४ डिग्रीला, त्यामुळे वर बर्फ धरायला लागला तरी तळाला त्यातल्या त्यात ऊब टिकते आणि मासे तिथे जाऊन बसतात. आपल्याकडे ४ डिग्रीचा प्रश्नच येत नाही. आमचा तलाव आता जास्तीत जास्त दोन पुरुष खोल असेल, दुपारच्या उन्हात उथळ पाणीच आधी तापतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून चालतो, म्हणून उत्तरेचा काठ दिवसभर ऊन खातो. आमच्याकडे बांधच उत्तरेला आहे, त्याचं दगडी पिचिंग दक्षिणेला तोंड करून, ते काळे दगड एकला हात लावला तरी चांगले कोमट लागतात, वर बांधामुळे उत्तरेचा वारा अडतो. मरळ तिथेच, दगडांच्या फटींना लागून. बाकी अख्खा तलाव मोकळा सोडला तरी चालतो.

मरळ आहे की नाही हे कळायची एक सोय पण आहे, जी बासवाल्यांना नाही. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. काठावर गप बसलं की दिसतं, आधी पाणी जरासं फुगतं, मग एक काळपट नाक, "पच्" असा बारीकसा आवाज आणि एक-दोन बुडबुडे. उन्हाळ्यात चहाचा एक कप संपेपर्यंत तीच मरळ दोनदा येऊन जाते. थंडीत एकदा आली की तुम्ही विसरून जाता कुठे बघत होतात ते, इतका वेळ लावते. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळलेला असतो (३० डिग्रीला लिटरमागे साडेसात मिलीग्रॅम, २० डिग्रीला नऊच्या वर) आणि तिची गरजही कमी, मग कशाला येईल सारखी वर. पण आली की जागा लक्षात ठेवायची, तिच्या डोक्यावर काही टाकायचं नाही, चार हात पलीकडे टाकून हळूहळू त्या बाजूला आणायचं.

आता ल्यूर. मरळीसाठी पावसाळ्यात सगळे वापरतात तो रबरी बेडूक, पाण्यावर टुणटुण नाचवायचा, गवतातून ओढायचा, धाडकन फोडते ती पाणी. तो थंडीत पिशवीतच राहू दे. एखाद्या गरम दुपारी तोंड मारेलही, पण त्या आशेवर दिवस घालवू नये. स्पिनर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पातीचं आमिष, तोही तसाच, फिरत राहायला त्याला वेग लागतो आणि आपल्याला वेगच नकोय. मी सध्या दोनच गोष्टी नेतो. एक, तीन इंचाचा मऊ प्लास्टिकचा मासा, ५ ग्रॅमचं शिशाचं डोकं, हूकचं टोक प्लास्टिकमध्येच लपवलेलं म्हणजे दगडात कमी अडकतो. टाकायचा, तळाला जाऊ द्यायचा, दहा आकडे मोजायचे, रॉडचं टोक वीतभर उचलायचं, परत दहा आकडे. झटका क्वचितच बसतो, लाईन नुसती जड वाटते, ओला पालापाचोळा लागावा तशी. पालापाचोळा समजून मी किती मासे सोडलेत देव जाणे.

दुसरा म्हणजे जर्कबेट, आणि सोल्डरची तार (वायरी जोडायला वितळवतात ती मऊ धातूची तार) इथे येते. जर्कबेट हा लांबट कडक प्लास्टिकचा मासा, दोन झटके दिले की डावी-उजवी मान टाकतो आणि मग थांबतो. थंडीतलं सगळं काम त्या थांबण्यात आहे. चांगला जर्कबेट थांबल्यावर वरही येत नाही, खालीही जात नाही, पाण्यात अधांतरी लटकतो, अर्धमेल्या मासोळीसारखा. बासवाले गार पाण्यात त्याला दहा-दहा, वीस-वीस सेकंद तसाच ठेवतात. मी ऑनलाइन एक मागवला, साडेसहाशे रुपये, पाकिटावर "सस्पेंडिंग" लिहिलेलं, आणि पाण्यात टाकला तर बुचासारखा वर. दुकानदाराला मेसेज केला, त्याने अंगठा पाठवला. मग जुना उपाय केला जो तिकडचे लोक फार पूर्वीपासून करतात, मधल्या हूकच्या दांडीला सोल्डरची तार गुंडाळायची, बादलीत टाकून बघायचा, तोळा-माशाने वजन कमी-जास्त करायचं. नखाएवढी तार काढली की वर येतो, तेवढीच घातली की बुडतो, सोनाराचं काम. तासाभराने जमलं, बादलीत मधोमध असा लटकला की मामींना बोलावून दाखवला. मामी म्हणाल्या, छान आहे, आता बादली रिकामी करा.

दुपारी तलावावर टाकला तर परत हळूहळू वर!

दोन दिवस डोकं खाजवलं. बादली भरली होती विहिरीच्या पाण्याने, आणि विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं हे लहानपणी पहाटे मोटरखाली आंघोळ केलेल्या माणसाला सांगायला नको. कोमट पाणी हलकं, गार पाणी जड. थोड्याच डिग्रीचा फरक, त्याने पाण्याच्या वजनात पडणारा फरक चिमूटभरही नाही, पण अधांतरी लटकणाऱ्या वस्तूला तेवढा पुरतो. शेवटी तलावाचंच पाणी कॅनमध्ये आणून काठावर बसून तार गुंडाळली, आणखी दोन वेढे लागले.

लाईनचाही त्यात हात असतो. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाईन पाण्यावर तरंगते, ती ल्यूरला वर ओढते, फ्लुरोकार्बन ही एकसंध प्लास्टिकची लाईन पाण्यापेक्षा बरीच जड, बुडते. मी आता मुख्य लाईन ब्रेडेडच ठेवतो कारण ती बारीक असूनही भरपूर ताण सोसते, पण पिचिंगचे दगड आणि मरळीचे दात यांच्यासाठी पुढे हातभर फ्लुरोकार्बन जोडतो.

त्या दिवशी अडीचच्या सुमारास, दोन झटके आणि थांबलो, मनात चौदा मोजले असतील, मामा मागे उभे. म्हणाले, "अरे तू मासे धरतोयस का ध्यानाला बसलायस?" मी म्हटलं मामा जरा थांबा ना, आणि लाईन जड झाली. पालापाचोळाच वाटला, तरी रॉड उचलला, आणि पालापाचोळा दगडाकडे निघाला. उन्हाळ्यातली मरळ उड्या मारते, ही नुसती जडपणे खाली खाली ओढत राहिली, म्हैस दाव्याला ओढते तशी. मामांनी बूट न काढता पाण्यात उतरून कल्ल्याखाली धरली. किलोच्या जरा वर. मामींनी केलेलं कालवण मी इथे लिहीत बसत नाही, भूक लागेल.

मध्येच एक, मित्र विचारतात की एवढं बास बास करतोस तर बासची पिल्लंच आणून सोडू ना तलावात. कृपा करून नको. जपानने १९२५ मध्ये एका तळ्यात सोडला, आज तिथे कायद्याने तो उपद्रवी परदेशी मासा ठरलाय. आता गंमत बघा, १९३२ चा अमेरिकेच्या जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीचा २२ पौंड ४ औंसांच्या, म्हणजे दहा किलोच्या बासचा जागतिक विक्रम, त्याची बरोबरी २००९ मध्ये झाली तीही जपानच्याच बिवा तलावात. इतका मानवला तो त्यांना! आपल्याकडे चिलापी (तिलापिया) अशीच बाहेरून १९५२ ला आली, आज कुठल्याही तळ्यात जाळं टाका, तीच आधी निघते. तेवढं पुरे.

यंदाच्या मोसमाचं म्हणाल तर अजून एकदाच जाणं झालंय आणि तेही अंदाजाने, कारण थर्मामीटर मामांनी ठेवून घेतलं. बागेत मधल्या ओळीच्या तारेला टांगलंय, पहाटे चारला उठून टॉर्च मारून बघतात आणि पारा खाली गेला की ठिबक चालू करतात, विहिरीचं कोमट पाणी. परत मागितलं तर म्हणाले, तुझ्या माशाला विचार त्याला किती थंडी वाजतेय ते.